पूजेतली फ्लॉपी

आमची सून अनुजा हट्टी हाय. हे मी कौतुकानं सांगायली न्हाय, उगच गैरसमज नको. लग्न होऊन घरात आली तवा आमची म्हैस माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची न्हाय. पहिल्याच सकाळी हिला लाथ बसली, चरवी गोठ्याच्या दारापतुर उडाली. मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे गं, मी काढते धार." तर ही बाई काय करती? माझं रोजचं लुगडं नेसली, डोक्यावरनं पदर घेतला आन् गुपचूप म्हशीखाली जाऊन बसली. म्हशीनं मान वळवून वास घेतला. तिला वाटलं, आपली म्हातारीच हाय. दिला की पान्हा! तवाच मी माझ्या लेकाला, धैर्यशीलला म्हणलं, "बाबा, ही काय ऐकणारी न्हाय. तू आपला एमआयडीसीत शिफ्ट कर आन् गप बस."

माझं नाव चिमणाबाई. नाव बारकं, पण आवाज गावाच्या येशीपतुर जातोय. आमचं गाव कागलच्या अलीकडं. अनुजाचं माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं. गुडघाभर चिखलात भाताचं रोप लावत बारावी झाली आन् मग मलकापूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला. मला वाटायचं, हे शिकून चुलीपुढं काय उपेग? पण आमच्या बायकांच्या दूध संस्थेची आधीची सेक्रेटरी लग्न होऊन गेली आन् ती जागा अनुजाला मिळाली. मग कळलं उपेग काय ते.

आता संस्थेचं सांगते. आमच्या गावात दुधाच्या संस्था दोन. एक थोरली, बापयगड्यांची. दुसरी आमची, बायकांची. आमची निघाली त्याला कारण हुतं. दुधाचा दर ठरतोय फॅटवर, म्हंजे दुधातल्या लोण्यावर. थोरल्या संस्थेत ते फॅट हातानं लिहायचे. म्हशी एकाच गवताच्या, एकाच तळ्यावर पाणी पिणाऱ्या, पण चेअरमनच्या भावकीच्या म्हशीला फॅट भरघोस लागायचं आन् आमच्या म्हशींच्या दुधाला कायम ताकाची कळा. विचारलं तर म्हणायचे, "वैनी, पेंड घाला." आगं, पेंड घालून घालून म्हशी थकल्या, पण ह्यांचं पेन काय हललं न्हाय! शेवटी आमच्यातल्या विठाबाईनं कंबर कसली. आम्ही बायका जमवल्या आन् आमची वेगळी संस्था काढली. आन् पहिल्या सभेतच ठरवलं, आपल्यात फॅट हातानं लिहायचं न्हाय. मशीन आणायचं, कॉम्प्युटर आणायचा, छापील पावती द्यायची.

तवापासनं तसंच चालतंय. किटली काट्यावर ठेवली की वजन वायरीतनं कॉम्प्युटरात जातंय. चमचाभर दूध फॅट मशीनमधी घातलं की फॅट दुसऱ्या वायरीतनं जातंय. आन् खडखड करत पावती भाईर. मधी कुणाचा हात न्हाय, कुणाचं पेन न्हाय. त्या पावतीच्या जिवावर आमची संस्था उभी हाय. दुधानं तोंड भाजलेल्या बायका आम्ही, ताकबी फुंकून पिणाऱ्या. आम्हाला तोंडी शब्द चालत न्हाय.

कॉम्प्युटर मात्र तवाचाच. विंडोज अठ्ठ्याण्णव. डबा पिवळा पडलाय, चालू झाला की गिरणीगत घुमतोय. नवा का घेत न्हाई म्हणून आल्या-गेल्यानं विचारलं. घेणार कुठनं? दुधाचा प्रोग्राम त्या जुन्या विंडोजवरच चालतोय, आन् तो लिहिणारा पावणा दुकान गुंडाळून कवाच गेला. नवा कॉम्प्युटर आणायचा म्हंजे नवा प्रोग्राम, नवं फॅट मशीन, सगळंच नवं. ते सभेत मांडायचं म्हणलं की कोण ना कोण उठून म्हणणारच, "मग एवढं करण्यापरीस थोरल्या संस्थेतच जाऊया की." म्हणून आम्ही त्या डब्याला जपत हुतो.

गेल्या वळवाला संस्थेच्या मागच्या लाईटीच्या डांबावर वीज कोसळली. कॉम्प्युटरच्या आत काट्याची आन् मशीनची वायर जिथं जोडायची ती हिरवी पाटी, कार्ड म्हणत्यात तिला, ती जळून काळी ठिक्कर. बाजारातनं एक मेकॅनिक बोलावला. त्याला जुन्या विंडोजमधलं ओ की ठो कळत न्हवतं, पण कबूल कोण करतंय? नाचता येईना अंगण वाकडं. म्हणला, विंडोजच खराब झालंय. आन् सगळं पुसून विंडोज पुन्हा घालून दिलं. दुधाचा प्रोग्राम सीडीवर हुता म्हणून तेवढा वाचला. अनुजा तवा माहेरी गेलती, न्हायतर त्याचा हात धरला असता तिनं.

परत आली, डबा उघडून बघितला, आन् दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठलं. मंगळवार पेठेत अंबादासराव म्हणून एक गृहस्थ हायत. जुने कॉम्प्युटर सोडवून त्यांचे भाग जपून ठेवत्यात. त्यांच्याकडं अगदी तसलंच कार्ड मिळालं. आणून बसवलं. मला वाटलं, झालं काम.

कसलं झालं! अनुजा म्हणली, "आत्ती, कार्ड आहे पण त्याचा ड्रायव्हर नाही. तो पुसला गेला."

मी म्हणलं, "ते काय असतंय?"

"नवी सून घरात आली तरी तिला कोण सांगायला नको का, मीठ कुठल्या बरणीत, पाणी कुठल्या घागरीत? तसं ह्या कार्डाला कॉम्प्युटरची रीत सांगणारा एक बारका प्रोग्राम असतोय. तो न्हाय तवर दोघं एकमेकांना वळखत न्हाईत."

एवढं मला समजलं. आमच्या घरात रीत सांगताना किती भांडणं झाली ते मला ठावं हाय.

पावती बंद, पण दूध काय थांबतंय? म्हशीला कोण सांगणार, मशीन बंद हाय म्हणून? मग अनुजा फॅट मशीनवरचा आकडा बघून हातानं चिठ्ठी लिहून द्यायला लागली. मशीनचं तोंड तिच्याकडं, बायका खिडकीच्या अलीकडं. आकडा तिलाच दिसणार. दोन-चार दिवस बायका गप ऱ्हायल्या. मग एका सांजेला आक्काताईनं, आमच्याच गल्लीतली, माझ्या बरोबरीची, माझी चिठ्ठी डोळ्याजवळ धरली आन् सगळ्यांदेखत म्हणली, "चिमणीच्या म्हशीला बरं सात-पाच फॅट लागतंय, साडेसात! सून सेक्रेटरी असल्यावर पेन जरा मऊ चालत असेल."

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी किटली आपटली आन् तिच्या सात पिढ्या काढायला तोंड उघडलं, तवर अनुजानं पेन टेबलावर ठेवलं. म्हणली, "आक्काताईंचं बरोबर आहे. हातानं लिहिलेलं आपण मानत नाही, हे संस्थेनंच ठरवलंय. उद्यापासनं मी एक आकडाबी हातानं लिहिणार न्हाय. पावती येईल तवाच दूध घेणार."

"आन् तवर दूध काय नाल्यात वतायचं?" विठाबाई वरडली. ती आमची चेअरमन.

तवर थोरल्या संस्थेचे चेअरमन विजयसिंह आलेच. अशा वेळी त्यांच्या कानाला बरोबर ऐकायला जातंय. गोड बोलत्यात, माणूस वाईट म्हणायची सोय न्हाय. म्हणले, "वैनी, काळजी कशाला? मशीन दुरुस्त होईस्तवर आमच्यात दूध घाला. सोमवारच्या सांजंपतुर पावती सुरू झाली तर जावा परत, आमची ना न्हाय. न्हाय झाली तर मात्र ठराव करून सभासद आमच्यात वर्ग करा. रोज इकडं-तिकडं बरं न्हाय." विठाबाईनं अनुजाकडं बघितलं. अनुजानं मान हलवली. सौदा झाला.

म्हंजे सोमवारची सांज. त्या आत पावती आली तर संस्था आमची, न्हाय आली तर पुन्हा त्या खिडकीत जाऊन "वैनी, पेंड घाला" ऐकायचं. घरी येताना मी अनुजाला म्हणलं, "पोरी, तू काय करून बसलीस? हातानं लिहिलं असतंस तर चार दिवस निभावलं असतं." तर म्हणती, "आत्ती, तसं निभावून काय राहिलं असतं?" मी भाकरी थापायला बसले.

ती मात्र मागं लागली. मोबाईलवर हुडकून हुडकून तसल्याच नावाचा एक ड्रायव्हर काढला. अंबादासरावांकडनं सीडीवर घालून आणला. जुन्या डब्याला पेनड्राइव्ह कळत न्हाय म्हणे. सीडी घातली, कॉम्प्युटर बंद-चालू केला, आन् पडदा निळाभोर. वर पांढरी अक्षरं, पुढं काय हलंना. तिनं ते काढून टाकलं. दुसरा आणला. पुन्हा निळा. धैर्यशील म्हणला, "अगं, नावातला एक अंक वेगळा दिसतोय, हे त्या कार्डाचं नाही." मग म्हणला, "सोड की आता." तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून म्हशीला वैरण टाकायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गेला.

अंबादासरावांनी फोनवर सांगितलं, "ताई, ती कंपनी बंद पडून जमाना झाला. त्यांचा ड्रायव्हर कुठं मिळणार नाही. पण नवीन कार्डाबरोबर एक फ्लॉपी यायची. तुमच्या संस्थेत बघा. कुणी फेकली नसेल तर तुमचं नशीब."

फ्लॉपी म्हंजे चौकोनी काळी चपटी डबी, तळहाताएवढी. अनुजानं संस्थेची कपाटं उपसली, माळा झाडला. मीबी पदर खोचून लागले. कुठं पत्ता न्हाय. शेवटी विठाबाईला विचारलं, "कॉम्प्युटर आणला तवा एक काळी चपटी डबी आलती का?"

विठाबाई म्हणली, "आलती की! ती कशी फेकीन? ती तर आपल्या पूजेत हाय."

आम्ही दोघी बघतच ऱ्हायलो.

तर झालतं असं. खंडेनवमीला आम्ही काटा पुजतो, मशीन पुजतो, किटल्या, चरव्या, सगळं पुजतो. हत्यारांचा सण हाय, त्यांच्यावर पोट चालतंय. पण कॉम्प्युटर बसवायला आलेल्या इंजिनिअरनं बजावलं हुतं, ह्याच्यावर पाणी, हळद, काय म्हणून घालायचं न्हाय. आन् जाताना ती फ्लॉपी विठाबाईच्या हातात देऊन म्हणला हुता, "मावशी, ह्याचा जीव ह्यात आहे, जपून ठेवा." आता विठाबाईला प्रश्न पडला, सगळ्यांची पूजा करायची आन् कॉम्प्युटर तेवढा उपाशी ठेवायचा? वाईट दिसतंय की! मग तिनं अक्कल लढवली. कॉम्प्युटरच्या बदली त्याचा जीव पुजायचा. तवापासनं दर खंडेनवमीला ती फ्लॉपी ताम्हनात, वर पळीभर पाणी, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग पुसून परत अंबाबाईच्या फोटोमागं.

विठाबाईनं फोटोमागनं ती काढून दिली. डबीवर हळदीकुंकवाचा लेप. पत्र्याची बारकी झडप सरकवली तर आतली चकतीबी पिवळीजर्द, कडंला कुंकू.

माझा तोल गेला. मी म्हणलं, "विठे, आगं जपून ठेव म्हणलं हुतं त्यानं, न्हाऊ-माखू घाल म्हणला न्हवता!" विठाबाई रडकुंडीला आली. "देवाचंच केलं गं मी," म्हणली. "मला काय ठावं?" खरं सांगते, मला तिची दया आली. सगळी संस्था त्या बाईनं उभी केली, आन् तिच्याच हातनं हे व्हावं?

अनुजा तिला एका शब्दानं बोलली न्हाय. उलट म्हणली, "विठाक्का, तुम्ही पुजली म्हणून ती हाय तरी. न्हायतर कवाच उकिरड्यावर गेली असती." आन् अंबादासरावांना फोन लावला. ते तिकडनं वरडले, "ड्राइव्हमध्ये घालू नका! ड्राइव्हपण जाईल आणि फ्लॉपीपण. तशीच घेऊन या."

सोमवार उजाडला. वडापच्या जीपमधनं आम्ही दोघी कोल्हापूरला निघालो. जीपवाल्यानं आमच्यावर आणखी चार माणसं बसवली, पण अनुजानं ती फ्लॉपी पोलक्यात घातलेल्या रुमालात अशी धरलती की कुणाचा धक्का लागू दिला न्हाय. मंगळवार पेठेत गल्लीच्या आत अंबादासरावांचं घर, खाली दुकान. बारीक, चष्मेवाले, बोलायला मऊ. फ्लॉपी बघून म्हणले, "अरे देवा." मग जरा हसले. "देवालाच म्हणायला पाहिजे."

त्यांनी सांगितलं, "आतली चकती कॅसेटच्या फितीसारखी असते. तिच्यावर माहिती आहे. हळद फार वाईट नाही, ती धुऊन निघेल. कुंकवाचे कण वाईट, ते चरे पाडतात. डबी फोडायची, चकती काढायची, धुवायची, सावलीत वाळवायची, आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या रिकाम्या डबीत बसवायची. मी असं पूर्वी केलंय. कधी जमलंय, कधी नाही. घासली की संपलं. कोण धुणार? मी धुतो, पण बिघडलं तर तुम्ही मला बोल लावायचा नाही."

"मीच धुते," अनुजा म्हणली. "बिघडलं तर माझ्या हातनं बिघडू दे."

पाणी नळाचं चालत न्हाय म्हणले, त्यात क्षार असत्यात. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं समोरच्या दुकानातनं. स्टीलच्या परातीत वतलं, शाम्पूचा एक थेंब टाकला. अंबादासरावांनी चाकूच्या टोकानं डबी उकलली आन् चकती अनुजाच्या बोटांवर ठेवली. पापडापेक्षा पातळ. मधल्या लोखंडी चकतीला धरून तिनं ती पाण्यात सोडली आन् नुसती इकडनं तिकडं हलवली. पाणी पिवळं झालं. मी म्हणलं, "आगं जरा चोळ की, कडंला कुंकू हाय अजून."

"आत्ती, तुम्ही भाईर बसा."

मला! सासूला! अंबादासरावांसमोर! पण गेले भाईर. पायरीवर बसले आन् अंबाबाईला म्हणलं, आई, तुझ्या फोटोमागं एवढी वर्षं ठेवली ती, आता तूच बघ. नवस बोलले न्हाय, नुसतं तोंडावर सांगितलं.

पाणी बदललं, पुन्हा धुतली, पुन्हा बदललं. वाळवली. दुसऱ्या डबीत घातली. अंबादासरावांकडं तसलाच जुना कॉम्प्युटर चालू हुता, त्यात फ्लॉपी सरकवली. कर्र, कर्र, कर्र असा आवाज आला आन् पडद्यावर नावं उमटली. अनुजानं ती कॉपी करायला लावली. पहिली फाईल आली. दुसरी आली. तिसरीला आडलं. पडद्यावर विचारलं, थांबू का, पुन्हा बघू का, सोडून देऊ? तिनं 'पुन्हा' दाबलं. कर्र. पुन्हा तेच. पुन्हा दाबलं. मी दारात येऊन बघत हुते. दळणाच्या गिरणीत खडा आला की जसं वाजतंय तसं. कितीदा दाबलं देव जाणे.

अंबादासराव म्हणले, "ताई, तेवढा भाग गेला असणार. ही तिसरी फाईल नसेल तर बाकीच्या दोन असून उपयोग नाही. सोडा आता. तुम्ही करायचं तेवढं केलंत."

अनुजानं फ्लॉपी भाईर काढली. उजेडात धरून झडप सरकवली, चकती बोटानं हळूच फिरवत बघत बसली. मग म्हणली, "हे बघा. अजून एक कण हाय. तिथंच अडकतंय." ते चष्मा वर करून बघायला लागले, त्यांना दिसंना. मला तर आधीच दिसत न्हाय. पण ती हटंना. पुन्हा डबी उकलायला लावली, पुन्हा पाणी, पुन्हा परात. सांज व्हायला लागलती. मी दारातनं म्हणलं, "अनुजा, वडाप चुकलं तर धार कोण काढणार?" तिनं मान वर केली न्हाय.

पुन्हा फ्लॉपी आत गेली. कर्र. कर्र. आन् मग आवाज थांबला.

"आली," अंबादासराव म्हणले. अनुजा खुर्चीला टेकली. मी आत गेले आन् तिच्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं मोडली. असलं मी कवा करत न्हाय, पण त्या वक्ताला राहवलं न्हाय. अंबादासरावांनी लगेच त्याच्या दोन सीड्या केल्या आन् म्हणले, "एक वापरा, एक ठेवा. आणि तेवढं पुजू नका."

वडापनं गावात पोचलो तवा संस्थेसमोर बायका जमल्याच हुत्या. कुणाच्या किटलीत दूध, कुणी नुसतंच बघायला. विजयसिंह पारावर बसलते, हातात ठरावाचा कागद. "काय वैनी, झालं का?" म्हणले. मी म्हणलं, "बसा जरा. चहा घेणार काय?"

अनुजानं सीडी घातली. नवीन काय सापडलंय, त्याचा ड्रायव्हर कुठाय म्हणून कॉम्प्युटरनं विचारलं, तिनं जागा दाखवली. बंद करून चालू केला. सगळ्या बायका खिडकीला चिकटल्या. पडदा निळा झाला न्हाय. काट्यावर रिकामी किटली ठेवली, वजन पडद्यावर उमटलं. बायकांनी "आगं बाई" केलं. पण फॅट मशीनचं काय येईना. विठाबाईनं डोळे मिटले. अनुजा बसल्या जागी इकडं-तिकडं बघायला लागली, मग म्हणली, "दोघांना एकच नंबर पडलाय. काटा आन् मशीन एका दारातनं आत यायला बघायल्यात." कसलं तरी दुसरं, न लागणारं कार्ड तिनं बंद केलं, मशीनला तो नंबर दिला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मशीनमधनं पाणी फिरवलं, आन् पडद्यावर शून्य उमटलं. शून्य! एवढा आनंद मला शून्याचा कवा झाला न्हाय.

ती खिडकीतनं म्हणली, "आणा दूध."

मी काय तिथं थांबणार? पहिली पावती माझ्या घरची झाली पाहिजे! त्या आक्काताईच्या डोळ्यांदेखत, छापील, सात-पाच! मी पदर खोचून घराकडं पळाले. ह्या वयात पळताना बघून गल्लीतली कुत्री मागं लागली. म्हशीखाली बसले, पान्हा आला, भराभरा धार काढली. निम्मी-अर्धी किटली भरली तशी म्हणलं, पुरे, तवर दुसरी कोण नंबर लावायची. रेडकू सोडलं म्हशीला आन् निघाले किटली घेऊन.

पोचले तवा माझ्यासाठी वाट मोकळी ठेवलती बायकांनी. विजयसिंहबी उठून खिडकीपाशी आलते. किटली काट्यावर. वजन आलं. अनुजानं चमचाभर दूध मशीनमधी घातलं. मी आक्काताईकडं बघून छाती फुगवून उभी.

प्रिंटर खडखडला. अनुजानं पावती फाडली. बघितली. एक क्षण माझ्याकडं बघितलं, आन् सगळ्यांना ऐकायला जाईल अशा आवाजात वाचली.

"चिमणाबाई. फॅट पाच-चार."

"काय?" मी वरडले. "पाच-चार? आगं डोळे हायत का? माझ्या म्हशीला आयुष्यात सहाच्या खाली फॅट लागलं न्हाय! पुन्हा घाल!"

तिनं पुन्हा घातलं. पुन्हा खडखड. "पाच-चार."

तवा माझ्या ध्यानात आलं. फॅट असतंय शेवटच्या धारंत. पहिलं दूध पाण्यागत, शेवटचं घट्ट. उभ्या जन्माची दूध घालणारी बाई मी, आन् नंबर लावायच्या घाईत शेवटचं सगळं दूध रेडकाला पाजून आले. धरणी दुभंगावी असं झालं मला. एवढ्या बायकांदेखत, विजयसिंहांदेखत, माझ्याच सुनेनं! घरात जेवायला घालणारी मी, आन् एक आकडा जरा हळू वाचला असता तर काय बिघडलं असतं? राग असा आला की पावती फाडून तिच्या तोंडावर मारावी.

पण मागं बघितलं तर कोण हसत न्हवतं. आक्काताई माझ्या हातातल्या पावतीकडं बघत हुती. मग तिनं मला खांद्यानं जरा बाजूला सारलं, आपली किटली उचलून काट्यावर ठेवली आन् म्हणली, "घे गं पोरी. माझं माप घे." खिडकीत वाकून आकडा बघायचीबी तसदी तिनं घेतली न्हाय. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी, अशी रांग लागली ती पारापतुर.

विजयसिंह कागदाची घडी करून खिशात घालून गेले. त्या सांजंला आमच्यातली एकबी बाई थोरल्या संस्थेत दूध घालायला गेली न्हाय.